डमीचा आवाज

हिलाल बडगुजरनं आयुष्यात थापा तशा पुष्कळ मारल्या. स्टेजवर उभं राहणाऱ्याला त्या माराव्याच लागतात. पण एक थाप त्यानं इतक्या गावांत आणि इतक्या मांडवांत मारली, की शेवटी ती त्याची त्यालाच खरी वाटायला लागली. ‘उतर झोकावरतून’ सुरू करण्याआधी तो माइक तोंडाशी धरून म्हणायचा, “मंडळी, हाई गानं आम्ही एकच माइकवर, एकमेकना डोयामा देखीसन म्हनं. गानं सरनं आनि मी तठेच हिले मागनी घाली!” मग पोरं शिट्ट्या मारायची, बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आणि शेजारी उभी असलेली रत्ना ओठ मुडपून जमिनीकडे बघायची. लोकांना वाटायचं, ती लाजते आहे. खरं तर ती हसू दाबत असायची.

हिलाल-रत्ना ही खानदेशातली एके काळची गाजलेली जोडी. अहिराणीत गाणी म्हणायची, मोबाइलवर सोडायची आणि लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम करत गावोगाव फिरायचं, असा त्यांचा संसार. गाणी त्यांनी ढिगानं केली, पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसतात. गाण्यातला तरुण खालून म्हणतो, उतर आता खाली. ती विचारते, “झेलशी का रे माले?” आणि तो म्हणतो, “झेलसु वं तुले.” गाण्यात एवढंच होतं, पण त्या सवाल-जबाबावर एका पिढीची लग्नं लागली.

आता तो जमाना गेला होता. हळदीच्या मांडवात कुणी गाणाऱ्यांना बोलवत नव्हतं. नवऱ्या-नवरीचं नाव सांगितलं, आत्या-मामांची नावं टाकली, की यंत्र बसल्याजागी नवंकोरं अहिराणी गाणं करून द्यायचं, तेही हव्या त्या आवाजात. हिलालनं सुरुवातीला शिव्या घातल्या, मग गप्प बसला आणि धरणगावच्या घरात आवराआवर करून राहिला. त्याला त्याचं फार वाटलं नाही. रत्ना होती, संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून गुणगुणायची, तेवढं त्याला पुरत होतं.

मग रत्ना विसरायला लागली. आधी नावं गेली, मग डब्यात काय आहे ते गेलं, मग स्वयंपाकच गेला. गाणं तेवढं राहिलं. कुणी पहिली ओळ म्हटली की ती पुढची म्हणायची, पण ज्या सवयीनं हात पोळी लाटतात तसं. म्हणताना डोळ्यांत काही नसायचं. आणि एका सकाळी हिलाल दूध घेऊन घरात शिरला तेव्हा तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला आणि विचारलं, “कोन पाहिजे तुमले? घरमा मानूस नही शे.”

हिलाल दुधाची पिशवी हातात धरून उंबऱ्यात उभा राहिला. आत जावं की नाही, तेच त्याला कळेना.

*

सुरतेला दिलेली त्याची लेक जागृती धावत आली आणि दोघांना नाशिकला घेऊन गेली. तिथं डॉक्टर केतकी उपासनी नव्या पद्धतीचा उपचार करायच्या. हसतमुख बाई होत्या, पण आशा दाखवताना हात आखडता घेणाऱ्या.

“काका, या आजारात आठवण लगेच पुसली जात नाही,” त्या म्हणाल्या. “तिच्यापर्यंत जायची वाट बुजते. एखादी घटना घडते तेव्हा मेंदूतल्या काही ठरावीक पेशी एकत्र जाग्या होतात, आणि ती आठवण म्हणजे त्या पेशींचं टोळकं. काही वर्षांपूर्वी असं लक्षात आलं, की इतर सगळ्या वाटा बुजल्या तरी गाण्याची वाट बराच काळ शाबूत असते. आम्ही तीच वापरतो. आधी एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून एक प्रथिन मेंदूत पोचवायचं. जाग्या झालेल्या पेशी ते उचलतात आणि ध्वनिलहरींना दाद द्यायला लागतात. मग डोक्यावर टोपी घालायची, कानात ते गाणं लावायचं. गाणं टोळक्याला हाक मारतं, आणि टोपीतल्या लहरी त्याला हाताला धरून उठवतात. एका खोलीत दिवा लागला, की दार उघडं राहून शेजारच्या खोल्यांतही उजेड पडतो. मग लेक आठवते, घर आठवतं.”

“आणि मी?” हिलालनं विचारलं.

“गाणं तुमच्या दोघांचंच आहे ना? मग पहिले तुम्हीच.” त्या हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. “दोन गोष्टी मात्र नीट ऐका. किल्ली म्हणून तो आवाज लागतो जो त्यांनी त्या पहिल्या वेळी ऐकला. नंतर हजार वेळा म्हटलेलं गाणं एकमेकांत मिसळून जातं, त्याचा उपयोग नाही. आणि दुसरं, उघडलेली आठवण तासभर ओल्या सिमेंटसारखी असते. त्या वेळात जे घडेल त्याचा ठसा तिच्यावर उठतो, आणि तो तसाच वाळतो. मग तो आम्हाला काढता येत नाही.”

त्यांनी रेकॉर्डिंगची सगळी हकिगत विचारली. हिलाल ताठ बसला, घसा साफ केला आणि सांगायला लागला. एकच माइक, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. सांगता सांगता त्याला सवयीनं शिट्ट्याही ऐकू आल्या असतील.

लोकांनी ऐकलं होतं तेच गाणं रत्नाच्या कानात लावलं गेलं. ती त्याबरोबर म्हणायची, टोपी काढली की खिडकीबाहेर बघत बसायची. आठवड्यांमागून आठवडे गेले. प्रथिनाचा असर कायम टिकणारा नव्हता आणि आजारही थांबून राहणारा नव्हता. डॉक्टरांच्या पडद्यावर त्या पेशी नुसत्या लुकलुकायच्या आणि विझायच्या.

“किल्ली लागत नाहीये,” शेवटी डॉक्टर म्हणाल्या. “काका, सगळं जसं घडलं तसंच सांगितलंत ना मला?”

“म्हणजे काय! एका माइकवर, एकमेकांच्या डोळ्यांत—”

“आबा,” जागृती मधेच म्हणाली, “माय तर सांगे, तुम्ही त्या दिन शहादाले व्हतात.”

 इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या थापेच्या मागं खरं काय होतं हे हिलालनं वळून पाहिलं.

*

खरं असं होतं. अमळनेरला सरकीच्या जुन्या गोदामात एक स्टुडिओ होता. भिंतींना गोधड्या लावलेल्या. त्या दिवशी हिलालला शहाद्याला हळदीचा कार्यक्रम मिळाला, म्हणून तो गेलाच नाही. त्यानं काही बिघडत नसे. अशा स्टुडिओत दोघं समोरासमोर उभं राहून कधी गातच नाहीत. बाईनं आपल्या ओळी आधी म्हणायच्या, पुरुषानं आपल्या सवडीनं येऊन मधल्या जागा भरायच्या. फक्त बाईला सवाल-जबाबाचा अंदाज यावा म्हणून पुरुषाच्या ओळी कुणीतरी कशातरी म्हणून ठेवतो. त्याला डमी म्हणतात. ती बाईच्या हेडफोनमध्ये वाजते, आणि खऱ्या गायकाचा आवाज आला की पुसून टाकतात. त्या दिवशी डमी म्हटली होती स्टुडिओतल्या ऑक्टोपॅडवाल्यानं, गुलाब शिंपीनं.

मागणीही हिलालनं आदल्याच आठवड्यात घातली होती, पारोळ्याच्या फाट्यावर, चहाच्या टपरीवर. रत्ना म्हणाली होती, गाणं होऊ दे, मग सांगते. तिच्या रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी हिलाल स्टुडिओत गेला, हेडफोन चढवले, आणि “झेलशी का रे माले?” असं तिनं ज्या आवाजात विचारलं होतं तो ऐकून त्याला उत्तर मिळालं. तो इतका हरखला, की पहिल्या दमातच त्यानं आपल्या सगळ्या ओळी म्हणून टाकल्या. तिचा आवाज त्याच्या कानात असा आला. तिच्या कानात मात्र गुलाब होता.

हिलाल पारोळ्याला गुलाबच्या दुकानात गेला तेव्हा तो कूलर दुरुस्त करत बसला होता. दुकानात सगळीकडे वाळलेल्या गवताच्या ताट्या पडलेल्या. आता तोही म्हातारा झाला होता, पण हसणं तेच. त्याला ते गाणं आठवत होतं, कारण ते सगळ्यांनाच आठवत होतं. त्याची डमी आपण म्हटली हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं.

“भो, तवय डमी म्हननं हाऊच मना धंदा व्हता,” तो म्हणाला. “कोन कोन ध्यानमा ठेवी? ते तर मिटाडीच टाकेत.”

हिलालनं सगळं सांगितलं. मग जे विचारायला तो आला नव्हता ते विचारून बसला. “गुलाब, तुनं-तिनं काही... व्हतं का रे?”

गुलाबनं पाना खाली ठेवला. “येडा व्हयना का तू? मी काचना अल्याडे, ती पल्याडे. डोया मिटीसन गाये ती. आनि गानं थांबनं का एकच इचारे, हिलाल कवय येनार शे?”

हिलालला रडू आलं. गुलाबनं त्याच्या पाठीवर थाप मारली, पाणी दिलं आणि तिथंच बसून फोनमध्ये डमी म्हणून दिली. “उतर खाले” म्हणताना त्याचा सूर थोडा उतरायचा, तेव्हाही उतरायचा. त्याच्या आवाजावरची म्हातारपणाची पुटं यंत्रानं काढली आणि आतून एक बेफिकीर तरुण आवाज निघाला. हिलाल गायक होता. तो आवाज कच्चा आहे हे त्याला लगेच कळलं, आणि त्याचंही त्याला वाईट वाटलं.

*

पहिल्याच बैठकीत किल्ली लागली.

कानात गुलाबची डमी सुरू झाली आणि रत्नाचा चेहरा बदलला. तिनं डोळे मिटले. “झेलशी का रे माले?” हे तिनं विचारलं ते सवयीनं नव्हे, खरंच कुणाला तरी विचारलं. डॉक्टरांच्या पडद्यावर त्या पेशी एकामागून एक पेटत गेल्या. टोपी काढल्यावर रत्नानं डोळे उघडले, समोर बसलेल्या हिलालकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते त्यानं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“ऊना का रे तू?” ती म्हणाली. “कवयनी वाट देखी ऱ्हायनू मी.”

लग्नानंतर ती त्याला ‘तुम्ही’ म्हणायची. हा ‘तू’ त्याच्या आधीचा होता. हिलालचं काळीज भरून आलं. तिचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, “ऊनू वं रत्ना, ऊनू.”

तिनं झटका बसल्यासारखे हात काढून घेतले. हिलालच्या मागं पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग जागृतीकडे.

“हाऊ कोन बोलना?” तिनं घाबरून विचारलं.

डॉक्टरांनी हिलालला खूण करून बाहेर नेलं. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं, हे त्यांच्या बोलण्यावरून दिसत होतं. “त्या गात होत्या तुमच्यासाठी. मनात चेहरा तुमचा होता, कानात आवाज दुसऱ्याचा. मेंदूनं दोघांना गाठ मारून एकच माणूस करून ठेवला. पुढं तुमच्याबरोबर संसार केला, तुमचा खरा आवाज ओळखीचा झाला, तेव्हा ती गाठ खाली दबून गेली. पण ते सगळं वरचं आजारानं नेलं, काका. उरलाय तो तळ. आणि तिथं तुमच्या चेहऱ्याचा माणूस त्या आवाजात बोलतो.”

“मग आता?”

“आपण हीच किल्ली चालू ठेवली, तर त्या परत येतील. वर्षभर, कदाचित दोन. पण प्रत्येक बैठकीला ती गाठ आणखी पक्की होईल. थांबायचं असेल तर आताच थांबा.” त्या घुटमळल्या. “चालू ठेवलं, तर ओल्या वेळात तुम्ही तुमच्या आवाजात बोलायचं नाही. अजिबात नाही. चेहरा आणि आवाज जुळत नाहीत असं मेंदूला पुन्हा वाटलं, तर तो चेहरा सोडून देईल. मग तुम्ही कुणीच राहणार नाही.”

हिलालनं फार विचार केला नाही. ज्या घरात आपल्याला बघून बायको पदर ओढते, त्या घरात त्याला परत जायचं नव्हतं. “चालू ठेवा,” तो म्हणाला. “मी बोलणार नाही.”

*

गाणाऱ्या माणसानं मुकं व्हायचं ठरवलं. धरणगावच्या घरी परतल्यावर रोज सकाळी जागृती डॉक्टरांनी दिलेली टोपी रत्नाला घालून बैठक द्यायची. त्यासाठी ती सासर सोडून राहिली होती. मग रत्ना उठायची आणि घरात दिवे लागत जायचे. तिनं शेवभाजी केली. जागृतीला नावानं हाक मारली, तिच्या लहानपणीचे खोड्याळ किस्से सांगितले. हिलालला चहा दिला. हिलाल हसायचा, मान हलवायचा, तिचा हात हातात घेऊन बसायचा. जागृतीशी बोलायचं असलं तर गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचा.

पण रत्ना म्हणजे गप्प बसलेल्या माणसाला सोडणारी बाई नव्हे. “बोल ना रे,” ती म्हणायची. आधी चिडवत, मग रागानं. “रुसना का मनावर?” हिलाल मान हलवून नाही म्हणायचा, तसं ती आणखी कळवळायची. एका दुपारी ती ताटावरून उठली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. “तुले दुसरी आवडनी व्हई तर सांगी टाक. असा मुका बसू नको.”

आपण तिला परत आणली ती रडवायला, हे हिलालला सहन झालं नाही. त्यानं जागृतीला डॉक्टरांना फोन करायला सांगितलं.

डॉक्टरांनी दिलेली वस्तू दिसायला साधी काळी माळ होती. गळ्याशी चिकटून बसायची, गळ्याची थरथर टिपायची, तोंडातून फुटणारा आवाज तिथल्या तिथं उलट्या लहरीनं दाबून टाकायची आणि तेच शब्द दुसऱ्या आवाजात बाहेर सोडायची. त्यांनी पहिल्यांदा ती दाखवली तेव्हा हिलालनं धुडकावली होती. “मी उसना गळा लावून बोलू?” असं म्हणाला होता. आता ती त्यानं मुकाट्यानं घातली, अंगणात गेला आणि म्हणाला, “रत्ना, जेवी ले वं.”

गुलाब शिंपीच्या तरुण आवाजात ते शब्द घरात गेले. रत्ना धावत बाहेर आली आणि सगळ्या गल्लीसमोर तिनं त्याला मिठी मारली.

पुढचे काही महिने रत्ना सुखात होती, हे म्हटलंच पाहिजे. हिलालला सुख झालं का, याचं उत्तर अवघड आहे. तो बायकोशी बोलायचा, ती हसायची, संध्याकाळी दोघं ओट्यावर गाणी म्हणायची. गाताना त्याला मुद्दाम कच्चं गावं लागायचं. मुरकी नीट घेतली की रत्ना त्याच्याकडे चमकून बघायची. “उतर खाले” म्हणताना सूर उतरवायला तो शिकला. इतकी वर्षं ज्या गळ्याचा त्यानं अभिमान धरला, तो आता त्याला झाकून ठेवावा लागत होता.

आणि आठवणीही बदलत गेल्या. एकदा रत्ना जागृतीला सांगायला लागली, “तू बारीक व्हतीस, तुले ताप व्हता, तुना बाप रातभर गानं म्हनत बसना.” आणि तिनं ते गाणं म्हणून दाखवलं, गुलाबच्या उतरत्या सुरासकट. हिलाल ऐकत होता. ती रात्र त्याची होती. त्याच्या मांडीवर पोरगी होती, त्याचा घसा बसला होता. आता तिथं गुलाब बसला होता, आणि बिचाऱ्या गुलाबला त्याचा पत्ताही नव्हता. संसारातल्या एकेका खोलीत दिवा लागत होता, आणि प्रत्येक खोलीतून हिलालचा आवाज बाहेर काढला जात होता.

“आबा, मनासंगे तरी ती माळ काढीसन बोला,” एकदा जागृती म्हणाली. हिलालनं गळ्याला हात लावला. माळ घातलेली आहे हे तो विसरूनच गेला होता.

*

आखाजी आली. जागृतीनं मागच्या अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला, आमरस-सांजोऱ्यांची तयारी केली. सकाळची बैठक नुकतीच झाली होती. रत्ना नवं लुगडं नेसून, गजरा माळून झोक्यावर बसली, आणि जागृतीनं मागून झोका दिला. म्हातारी पोरीसारखी खिदळायला लागली.

हिलाल समोर उभा होता. आठवण ओली होती हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांचं बोलणंही त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यानं ते विसरून काही केलं असं कुणी म्हणू नये.

“उतर खाले, झोकावरतून,” तो गुलाबच्या आवाजात म्हणाला.

झोका वर गेला. रत्नानं मान मागं टाकली आणि गायली, “झेलशी का रे माले?”

आणि हिलालला ते असह्य झालं. हा सवाल तिनं त्यालाच विचारला होता, तेव्हाही, आताही, आणि त्या दिवसाच्या आठवणीत त्याचं उत्तर तिनं एकदाही त्याच्या आवाजात ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो शहाद्याला होता. आज तो समोर उभा होता, तरी उत्तर दुसराच देणार होता. त्याला हेवा वाटला, संताप आला, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गायकाच्या अंगात असतो तो माज आला. त्याला वाटलं, विज्ञान काय सांगायचं ते सांगो; मी जीव ओतून एकदा म्हटलं तर ती ओळखेल. माझी रत्ना आहे, माझा गळा ओळखणार नाही?

त्यानं माळ काढली.

“आबा, नका!” जागृती ओरडली.

“झेलसु वं तुले,” हिलाल गायला. आयुष्यात तो इतकं चांगलं कधी गायला नव्हता. आवाज थकलेला होता, पण त्यात सगळा संसार होता. शेवटची मुरकी त्यानं अशी घेतली, की शेजारच्या छतावरची बाईसुद्धा वळून बघायला लागली.

रत्नानं पाय टेकवून झोका थांबवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. हिलालनं दोन्ही हात पुढं केले. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, जणू तिच्या डोक्यात काहीतरी जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलं जात होतं. मग आठ्या गेल्या. चेहरा मोकळा झाला. ती हसली, पाहुण्याला बघून हसतात तशी, आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

“डमीवाला तूच ना रे भाऊ?” ती म्हणाली. “भारी गास तू. चहा पीसन जाय. पन आते त्याले बलाव.”

“कोनले, माय?” जागृतीनं कसंबसं विचारलं.

“हिलालले. कवयनी झोकावर बशेल शे मी.”

हिलालनं घाईघाईनं माळ परत गळ्याला लावली. “रत्ना, मीच शे वं,” तो म्हणाला. गुलाबच्या आवाजात म्हणाला. पण तो आवाज आता परक्या तोंडातून येत होता. रत्ना दचकली, तिनं कानांवर हात ठेवले आणि रडवेली होऊन म्हणाली, “तू नको ना त्याना आवाज काढू. त्याले बलाव.”

  हिलाल मागं वळला, पायरी चढला, घरात गेला आणि रत्नाला दिसणार नाही असा दाराआड उभा राहिला. त्यानं माळ नीट बसवली, डोळे पुसले, आणि म्हणाला, “ऊनू वं.”

“ऊना का?” बाहेरून रत्नाचा आवाज आला. त्यात एवढा आनंद होता, की हिलालनं दाराची कड घट्ट धरली. “बलाई देख त्या भाऊले, चहा दे. भारी गाये तो.”

“उतर खाले, झोकावरतून,” हिलालनं सुरुवात केली. सूर उतरायला हवा तिथं त्यानं तो उतरवला.

झोक्याची कडी करकरायला लागली. “झेलशी का रे माले?”

“झेलसु वं तुले.”

“मंग तठे कसाले लपना?” रत्ना हसत म्हणाली. “समोर ये ना.”

हिलाल दाराला पाठ टेकून उभा राहिला आणि पुढची ओळ म्हणायला लागला.